समितीच्या साक्षीची तारीख आधी ठरत नाही

संसदीय समितीसमोर अधिकारी येतात त्याला बोलताना आपण सुनावणी म्हणतो, कागदावर तिला 'तोंडी साक्ष' म्हणतात. तिचं नियोजन करणाऱ्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, खोली कधी रिकामी आहे? माझ्या मते हा प्रश्न शेवटचा. खरी तारीख ठरते ती दोन गोष्टींवर: मंत्रालयाची लेखी उत्तरं हातात कधी पडणार, आणि अहवाल सभागृहात कधी ठेवायचा आहे.

सगळ्यांत अवघड हंगाम अनुदानाच्या मागण्यांचा, म्हणजे मंत्रालयांनी वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा तपासण्याचा. विभागांशी संबंधित 24 स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत 31 सदस्य: 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा झाली की सभागृहं मधल्या सुट्टीवर जातात आणि तेवढ्या काळात मागण्या तपासायच्या. इथे वेळ वाढवून मागता येत नाही, नियमातच तसं आहे. प्रत्येक मंत्रालयाचा अहवाल वेगळा. पुढे सभागृहात बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना गिलोटिनखाली, म्हणजे ठरलेली वेळ संपताच एकदम मताला टाकून, मंजूर होतात. म्हणजे त्या खर्चाची बारकाईने विचारणा होण्याची जागा हीच, म्हणून तिचं वेळापत्रक निष्काळजीपणे लावलेलं मला सहन होत नाही.

2025 चं कॅलेंडर घेऊन हिशोब करू. अधिवेशनाचा पहिला टप्पा 13 फेब्रुवारीला संपला, दुसरा 10 मार्चला सुरू झाला. मध्ये 24 दिवस. त्यातले शनिवार-रविवार 8, 26 फेब्रुवारीला महाशिवरात्र. उरले 15. शिवाय 19 फेब्रुवारीला शिवजयंती. दिल्लीतली कार्यालयं उघडी असतात, पण महाराष्ट्रातले खासदार त्या दिवशी मतदारसंघातच असणार. केंद्राच्या सुट्ट्यांची यादी पाहून तारीख टाकली की असे दिवस निसटतात. सदस्य ज्या राज्यांतून येतात त्या राज्यांची कॅलेंडरं शेजारी ठेवावीत.

ग्रामीण विकास व पंचायती राज समितीकडे ग्रामीण विकास, भूसंसाधन आणि पंचायती राज अशा तीन मागण्या असतात, म्हणजे तीन अहवाल. अशा समितीसाठी मी उलटीकडून मांडणी करेन. अहवाल स्वीकारण्याची बैठक 10 किंवा 11 मार्चला, कारण सभागृह भरल्यामुळे सदस्य दिल्लीत असतात. मसुदा सदस्यांच्या हाती 5 मार्चपर्यंत. साक्षीनंतरची उरलेली उत्तरं 25 फेब्रुवारीपर्यंत. मग साक्ष 20 तारखेला दुपारी 3 वाजता ग्रामीण विकासाची, एकट्याची. 21 ला सकाळी 11 वाजता उरलेल्या दोन विभागांची. शुक्रवारी दुपार मात्र नको, विमानाची वेळ झाली की खुर्च्या रिकाम्या होतात. यावरून प्रश्नावली कधी जायला हवी ते आपोआप कळतं: अर्थसंकल्प मांडल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, सभागृह चालू असतानाच.

प्रश्नावली कशी लिहायची यावर साक्षीचा दर्जा ठरतो. मनरेगाला 2025-26 साठी 86,000 कोटी रुपये ठेवले, आदल्या वर्षीच्या अंदाजाइतकेच. 'तरतूद पुरेशी आहे का?' असं विचारलं तर 'गरजेनुसार वाढीव निधी मागितला जाईल' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी '31 जानेवारीअखेर थकीत मजुरी व साहित्याची देणी राज्यवार, कोटी रुपयांत द्या' असं विचारा. मग साक्षीच्या दिवशी सदस्यांसमोर तक्ता असतो. उत्तरं हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत लागतात, आणि उशीर हमखास भाषांतराच्या टेबलावर होतो. म्हणून पत्रात दोन तारखा द्याव्यात, एक मजकुराची, एक दोन्ही भाषांतल्या प्रतींची.

बैठकीच्या दोन तासांचा हिशोबही आधी करावा. अध्यक्षांचं प्रास्ताविक आणि साक्ष गोपनीय ठेवायची की नाही याबद्दलची सूचना, 5 मिनिटं. विभागाचं सादरीकरण 20. चौदा सदस्यांना प्रत्येकी 4 मिनिटं, म्हणजे 56. उत्तरांना 30. झाली 111 मिनिटं. विभाग चाळीस स्लाइड घेऊन आला तर सादरीकरण 45 मिनिटांवर जातं आणि कापले जातात ते शेवटी बसलेल्या सदस्यांचे प्रश्न. बैठकीच्या सूचनापत्रातच '10 स्लाइड, 20 मिनिटं' असं लिहून टाकावं.

मंत्र्यांना इथे बोलावत नाहीत, सचिव येतात. त्याच दिवशी त्याच सचिवांना लोकलेखा समितीनेही (सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी संसदेची दुसरी समिती) बोलावलेलं नाही ना, हे सूचनापत्र निघण्याआधी फोनवर विचारून घ्यावं. बिगर-सरकारी तज्ज्ञ असतील तर ते आधी, विभाग नंतर. तज्ज्ञांनी दाखवलेल्या भेगांवर सचिवांना विचारता येतं, उलट क्रमाने ते जमत नाही.

गणपूर्ती, म्हणजे बैठक चालवायला लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या एक तृतीयांश. 31 चा तृतीयांश 10.33, हिशोब 11 चाच धरावा. लागोपाठ दोन तारखांना गणपूर्तीअभावी बैठक तहकूब झाली तर अध्यक्षांना ते सभागृहाला कळवावं लागतं. आदल्या संध्याकाळी फोन करून 'येणार' म्हणणारे किमान 15 सदस्य हवेत, कारण त्यातले तीन-चार येत नाहीतच. अधिवेशन चालू असताना साक्ष ठेवली असेल तर आणखी एक गोष्ट: सभागृहात मतविभागणी पुकारली की समितीचं कामकाज थांबवून सदस्यांना मतदानाला सोडावं लागतं. ज्या दिवशी वादग्रस्त विधेयक कार्यसूचीवर आहे त्या दिवशी साक्षीदारांना बोलावून ताटकळत ठेवू नये.

साक्ष संपल्यावर, सचिव जागेवरून उठण्याआधी, समिती अधिकाऱ्याने अनुत्तरित प्रश्न क्रमांक घालून वाचून दाखवावेत आणि उत्तराची तारीख सांगावी. शब्दशः टिपण तयार व्हायची वाट पाहिली तर चार दिवस गेलेच, आणि वर मांडलेल्या वेळापत्रकात चार दिवस कुठेच शिल्लक नाहीत.