चार इंचांची पट्टी

रविवार, रात्री साडेदहा

पाय ठणकतायत. गाड्यांच्या प्रदर्शनाला जायचं हे ह्याने महिनाभर आधी ठरवलं होतं, मला सांगितलं काल रात्री. पहिला अर्धा तास मी नुसती "हो का?" म्हणत मागे मागे फिरले. नव्याने रंगवलेल्या गाड्यांचे मालक फडकं घेऊनच उभे असतात. आपला श्वास लागला तरी पुसतील!

फोर्ड मॉडेल टीपाशी मात्र जरा जाग आली. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी निघाल्या म्हणे. खाली तीन पेडल, पण क्लच-ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर असा ओळखीचा क्रमच नाही. डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर पायात नाहीच, स्टिअरिंगखाली त्याची दांडी. ह्याला म्हटलं, चालवशील? त्याने उभ्या उभ्या हवेत पाय हलवून बघितले आणि मागच्या माणसाला उडवलं असतं हे कबूल केलं.

मग ती मॉरिस मायनर. फिकट हिरवी, गुटगुटीत, एका मडगार्डवरचा रंग उडालेला. हा इंजिनाकडे वळला आणि माझी नजर बॉनेटवर अडकली. मधोमध, पुढून मागे, एक सपाट उंच पट्टी गेलेली. इतकी वर्षं कपडे शिवतेय, जोड दिला की मला दिसतो. मालकांना विचारलं, "ही मधे पट्टी घालून रुंद केलीय का हो?"

ते गृहस्थ एवढे खूश झाले की ह्याचं इंजिन अर्ध्यावर सोडून माझ्याकडे आले. झालं होतं असं, की गाडी जवळजवळ तयार असताना तिच्या कर्त्याला, अ‍ॅलेक इसिगोनिसला, ती अंगाने अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन भाग लांब सरकवत नेले आणि चार इंचांवर "आता बरोबर" म्हणाला. बंपर तोवर बनून पडले होते. मग सुरुवातीच्या गाड्यांना तेच बंपर कापून, मधे तुकडा जोडून बसवले. 1948 साली गाडी बाजारात आली ती ही पट्टी मिरवत. पुढे 1959 साली आडव्या इंजिनाची मिनी काढली तीही ह्याच माणसाने. मापाचा पक्का असणार, पण आधी बेतायला चुकलाच की! मला फार जवळचा वाटला.

"हात लावा, काही होत नाही," मालक म्हणाले. बोट फिरवलं. कड अगदी हलकी, इस्त्रीच्या घडीसारखी.

वळण्याची खूणही त्यांनी दाखवली. दाराच्या खांबातून छोटा पिवळा हात बाहेर येतो, आत दिवा. उजवा आला. डावा येईना. त्यांनी खांबावर मुठीने एक ठोसा दिला, तसा निमूट आला.

परतताना हा गप्प. मग म्हणाला, "मी तीनदा बघितलीय ती गाडी. पट्टी कधी दिसलीच नाही." मी काही बोलले नाही. फार सुख वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

आत्ता आतून विचारतोय, पँट बसताना काचते, सैल होईल का. मागच्या शिवणीत माया आहे. चार इंच नाही, पण एखादा निघेल.