लेकीचा दोर आपल्याच हातात: सिएटलच्या क्लाइंबिंग जिममधून

आमच्या सिएटलच्या बाजूला मुलांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणासोबत बरेचदा एक लिंकही येते. ती उघडली की पानभर कायदेशीर मजकूर आणि खाली पालकांच्या सहीची जागा. म्हणजे वाढदिवस क्लाइंबिंग जिममध्ये, छताखालच्या चढाईच्या भिंतींवर आहे, हे समजून घ्यायचं. त्या सहीशिवाय मुलाला भिंतीला हातही लावू देत नाहीत, आणि सही आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाचीच लागते. मावशी-काकांची चालत नाही. इथल्या कितीतरी भारतीय घरांत मुलांची या खेळाशी ओळख अशीच होते. दोन तास चढउतार, मग पिझ्झा, केक, आणि परतताना गाडीत मागून आवाज येतो, "आई, परत कधी जायचं?"

आमच्याकडेही तो आवाज आला. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. त्यानंतर आम्ही दोघी नेमाने जातो आहोत आणि एका गोष्टीबद्दल माझं मत अगदी पक्कं झालं आहे. मुलाला क्लाइंबिंगला घालायचं असेल, तर आई किंवा बाबा, निदान एकाने तरी, बिले द्यायला शिकावं. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको. चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं म्हणजे बिले. मुलाला प्रशिक्षकावर सोपवून कॅफेत बसता येतं, पुष्कळ पालक बसतात. पण या खेळातलं जे खरं मोलाचं आहे, ते दोराचं दुसरं टोक हातात घेतल्यावरच पालकांना कळतं.

आधी थोडं गावाबद्दल. सिएटलमध्ये वर्षातले सहा-सात महिने आभाळ राखाडी असतं, रिपरिप चालू असते, आणि डिसेंबरात साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. शाळेतून आलेल्या मुलांना हातपाय हलवायला छत लागतं. दुसरीकडे समोर कॅस्केड पर्वतरांग आणि माउंट रेनियर, त्यामुळे डोंगराचं वेड इथल्या हवेतच आहे. अमेरिकेतलं पहिलं व्यावसायिक क्लाइंबिंग जिम इथेच, १९८७ साली सुरू झालं. तेव्हा त्याचं नाव व्हर्टिकल क्लब होतं, आता व्हर्टिकल वर्ल्ड. त्याच्याही कितीतरी आधी, १९३९ मध्ये, वेस्ट सिएटलच्या कॅम्प लाँग या बागेत शर्मन रॉक नावाचा माणसांनी रचलेला खडक उभा राहिला. क्लार्क शर्मन हे स्काउटचे मार्गदर्शक. मुलांना चढाईचे सगळे प्रकार एकाच जागी शिकता यावेत, म्हणून त्यांनी त्याचा आराखडा केला. १९६३ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेले पहिले अमेरिकन जिम व्हिटेकर हेही वेस्ट सिएटलचेच. तो खडक अजून तिथे आहे. पाऊस नसेल त्या दिवशी मुलांना घेऊन जरूर जावं.

आता जिमबद्दल. आत शिरलं की दोन प्रकारच्या भिंती दिसतात. एक बोल्डरिंगची, चार-साडेचार मीटर उंच. दोर नाही, खाली जाड गाद्या. दुसरी दोराची, दहा-बारा मीटर किंवा त्याहून उंच. भिंतीवर रंगीबेरंगी होल्ड, म्हणजे हातापायांना आधाराचे उंचवटे, बसवलेले असतात आणि एका रंगाचे होल्ड म्हणजे एक वाट. सुरुवातीला रंगाचा नियम मुलांवर लादू नये. हाताला येईल तो होल्ड धरून चढू द्यावं. थोड्याच दिवसांत ती स्वतःच म्हणू लागतात, "आज फक्त पिवळा." वाटांना अवघडपणाचे आकडे असतात. दोराच्या वाटांवर ५.५, ५.६ पासून पुढे, आणि बोल्डरिंगला व्ही-झीरो, व्ही-वन असे.

बोल्डरिंगला सामान कमी लागतं, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. त्यात वाईट काही नाही, पण मुलाला पडायला आधी शिकवायला हवं. दोन्ही पायांवर यायचं, गुडघे वाकवायचे आणि मग पाठीवर मागे लोळायचं. हात छातीशी. मागे हात टेकवून पडायचं नाही, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावावी, कारण मनगट आणि कोपर दुखावतं ते त्यामुळेच. माथ्यावरून उडी मारण्यापेक्षा होल्ड धरत खाली उतरणं चांगलं. आणि कुणी वर चढत असेल तर त्याच्या खालून जायचं नाही. लहान मुलं गाद्यांवर पळापळी करतात, ते पहिल्यांदा बंद करावं. जिममध्ये मी जे धोक्याचे क्षण पाहिले, त्यातले बहुतेक चढताना नव्हते, या पळापळीतलेच होते.

दोराच्या भिंतीवर काही ठिकाणी ऑटो-बिले असतं. वर बसवलेलं यंत्र पट्टा आपोआप गुंडाळत जातं आणि हात सुटला की मुलाला हळूहळू खाली आणतं. कमीत कमी वजनाची अट असते, ती विचारून घ्यावी. यंत्र विश्वासाचं आहे. धोका असतो तो हुक न अडकवता चढायला लागण्याचा. म्हणूनच पट्टा खाली एका त्रिकोणी कापडी आडोशाला अडकवलेला असतो, म्हणजे तो काढून स्वतःला लावल्याशिवाय वाटेच्या तोंडाशी जाताच येऊ नये. आमच्याकडे लेकीने कितीही वेळा "लावलंय गं" म्हटलं, तरी मी तो हुक हाताने ओढून बघते.

बिलेचा वर्ग तास-दोन तासांचा असतो. त्यात दोन-तीनच गोष्टी शिकवतात, पण पुन्हापुन्हा करून घेतात. हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना, दोर बांधायची इंग्रजी आठच्या आकाराची गाठ. बिले देणाऱ्याच्या हार्नेसवर दोर रोखून धरणारं डिव्हाइस असतं, त्यातून दोर घ्यायची पद्धत. आणि ब्रेकचा हात, म्हणजे डिव्हाइसमधून बाहेर येणारा दोर धरणारा हात. ब्रेकचा हात दोरावरून कधीही, कशासाठीही सुटता कामा नये, ना केस सारायला, ना फोटो काढायला. हल्ली बऱ्याच ठिकाणी ग्रिग्रीसारखं डिव्हाइस वापरतात. गाडीच्या सीटबेल्टसारखं, झटका बसला की ते दोर जागच्या जागी धरतं. तरीही हात सोडायचा नसतो. चार दिवस सराव करून परीक्षा द्यायची, ती पास झाली की हार्नेसला लावायला एक टॅग मिळतो. चढण्याआधी दरवेळी एकमेकांची तपासणी करायची. लेक माझं डिव्हाइस आणि ते हार्नेसला जोडणाऱ्या धातूच्या कडीचं, कॅराबिनरचं, लॉक बघते, मी तिची गाठ आणि हार्नेसचे बकल. सहा वर्षांच्या मुलीला आईची चूक शोधायचा पूर्ण अधिकार मिळतो, आणि ती तो मनापासून बजावते.

चढणारा म्हणतो, "ऑन बिले?" खालचा म्हणतो, "बिले ऑन." मग "क्लाइंबिंग", मग "क्लाइंब ऑन". वर गेल्यावर दोर ताणून हवा असेल तर "टेक", खाली यायचं असेल तर "लोअर". आमच्याकडे हे सगळं "आई, टेक!" आणि "घेतलं गं, बस" असं मिश्र भाषेत चालतं. पहिल्या दिवशी उंच जाऊच नये. कमरेएवढ्या उंचीवर मुलाला "टेक" म्हणायला लावावं आणि हात सोडून हार्नेसमध्ये बसू द्यावं. दोर आपलं वजन घेतो, हे मेंदूला सांगून पटत नाही, शरीराला पटावं लागतं. हे झाल्यावर थोडं वर, पुन्हा बसायचं. मुलं फार हलकी असली तर उलटीच गंमत होते. वर दोर आडव्या नळीला गुंडाळलेला असतो, त्या घर्षणामुळे ती नीट खालीच येत नाहीत. मग भिंतीला पायाने हलकं ढकलायला सांगायचं.

यातलं सगळ्यात अवघड काम गाठीचं नाही, गप्प बसायचं आहे. मूल अर्ध्यावर जाऊन थांबतं. पाय थरथरतात. खालून आपल्याला पुढचा होल्ड स्पष्ट दिसत असतो. "अगं, उजवीकडे! तो हिरवा! जरा हात लांब कर! एवढंच राहिलंय!" आपण मराठी आईबाप परीक्षेपासून गॅदरिंगपर्यंत सगळीकडे असंच ओरडत आलेलो आहोत. इथे ओरडू नये. तिला दिसणारी भिंत आणि आपल्याला दिसणारी भिंत वेगळी असते. तिच्या हाताची पोच वेगळी असते. ती थांबते तेव्हा विचार करत असते. आपण सांगितलेला होल्ड धरून ती वर पोचते खरी, पण वाट तिने शोधलेली नसते. आणि "लोअर" म्हणाली, की लगेच खाली घ्यायचं. "अजून एकच" असा सौदा करायचा नाही. मागितल्यावर दोर खाली आणतो, हे ज्या मुलाला ठाऊक असतं, ते पुढच्या वेळी आपणहून वर जातं. हे मी माझ्या लेकीत पाहिलं आणि आमच्या गटातल्या इतर मुलांतही. विचारलं तर मात्र मदत करावी, आणि ती बहुधा पायांची असावी. "पाय कुठे आहेत बघ, चवड्याच्या टोकावर उभी राहा, हात सरळ ठेव." मुलं हातांनी ओढत राहतात आणि लवकर थकतात.

नाशिकहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, दोर तुटला म्हणजे?"

मी म्हटलं, "आई, त्या कॅराबिनरवर आकडा कोरलेला असतो. वीस किलोन्यूटन किंवा त्याच्याही वर. म्हणजे साधारण दोन टन वजन. आणि आपली पोर किती किलोची, ते तुम्हीच सांगा."

चढाईचा दोरही असाच चाचण्यांतून पार पडलेला असतो, जिमवाले तो नियमित तपासून बदलतात. जिममधल्या भिंतीवर अपघात झालेच, तर ते बहुधा माणसाच्या हातून होतात. गाठ अर्धी राहते, हुक विसरतो, लक्ष दुसरीकडे जातं. म्हणून तपासणीवर माझा एवढा भर. सासूबाईंचं समाधान झालं की नाही, कोण जाणे. पण त्यांनी नातीला एक कामाची गोष्ट सांगितली. त्या तरुणपणी हरिहर किल्ला चढलेल्या. त्या उभ्या पायऱ्यांवर हात घालायला खोबण्या कोरलेल्या आहेत, आणि उतरताना तोंड कातळाकडेच ठेवावं लागतं. "घाई करू नको, बाळा. आधी खालचा पाय पक्का, मग वरचा हात सोड." बोल्डरिंगच्या भिंतीवरून उतरताना नात आता अगदी तसंच करते.

सामानाबद्दल थोडक्यात. सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका, बूट आणि हार्नेस भाड्याने मिळतात. मुलांच्या कमरेला घेर नसतो, त्यामुळे अगदी लहान मुलांना खांद्यावरून येणारं पूर्ण अंगाचं हार्नेस लागतं. नाहीतर उलटं झाल्यावर ते निसटू शकतं. अंगठी, कडं, बांगड्या, लांब कानातले घरीच ठेवावेत, केस घट्ट बांधावेत. डोक्याला तेल चोपडून नेऊ नये, हात घसरतात. बूट विकत घेतलेच तर बोटं आत सरळ राहतील असे घ्या. मोठे चढणारे आवळ बूट घालतात, पण वाढत्या पायांना तो छळ नको. घरी निघताना हात साबणाने धुवायचे. खर्च म्हणाल तर एका दिवसाचा पास आणि भाडं मिळून वरचेवर जाणाऱ्याला महाग पडतं. आवड टिकते आहे असं दिसलं की मासिक सदस्यत्व परवडतं.

एका बाबतीत मात्र मी फार आग्रही आहे, आणि ती म्हणजे बोटं. टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ सगळ्यांच्या नजरेत आला. पॅरिसमध्ये २०२४ साली ब्रूक रॅबटू हिने अमेरिकेला रौप्य मिळवून दिलं. तिची आई रॉबिन अर्ब्सफील्ड स्वतः विश्वचषकविजेती. अशा घराण्याची गोष्ट ऐकली की पालकांच्या मनात लगेच स्पर्धा, संघ, जास्तीचा सराव हे सगळं येतं. पण वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते, हाड तिथूनच वाढतं. ती हाडापेक्षा आणि स्नायुबंधापेक्षा कमजोर असते. सतत बोटांच्या टोकांवर वजन घेतलं की तिथे ताणाने तडे जाऊ शकतात. पौगंडावस्थेतल्या चढणाऱ्या मुलांमध्ये, विशेषतः मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याजवळ, ही दुखापत डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत लाकडी पट्ट्यांवर पाय सोडून बोटांनी उड्या मारणं, वजन लावून लोंबकळणं हे प्रकार नकोत. बोटाच्या सांध्यावर मागच्या बाजूने दुखत असेल आणि दोन-चार दिवसांत थांबत नसेल, तर चढणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. मूल सांगणार नाही, कारण त्याला संघातून वगळलं जाण्याची भीती असते. आपणच हात हातात घेऊन विचारायचं.

तिकडे महाराष्ट्रातही हे सगळं नवं नाही. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषकाच्या फेऱ्या झाल्या होत्या. पुण्या-मुंबईत भिंती आहेत, आणि गिर्यारोहण संस्था मुलांची शिबिरं घेतात. मुलाचं नाव घालायच्या आधी एकदा स्वतः जाऊन उभं राहा आणि काही प्रश्न विचारा. दोर आणि हार्नेस कधी बदलले? एका प्रशिक्षकाकडे किती मुलं? माझ्या मुलाच्या मापाचं हार्नेस आहे का? दरवेळी गाठ कोण तपासतं? मूल अर्ध्यावरून "खाली घ्या" म्हणालं तर तुम्ही काय करता? आणि मला बिले शिकवाल का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट ऐका. "लगेच खाली घेतो" आणि "हो, या ना" म्हणणारा प्रशिक्षक मिळाला, तर फार दूर असला तरी त्याच्याकडेच जा.