तुम्ही विचारलंत म्हणून : ती मुलगी पोलिसांना का सांगत नाही?

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘शॅडो ऑफ अ डाउट’ हा १९४३ सालचा चित्रपट आमच्या फिल्म सोसायटीत दाखवला की नंतरच्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो : आपला मामा खुनी आहे हे त्या मुलीला कळून चुकते, मग ती सरळ पोलिसांना का सांगत नाही? तिथे घाईघाईत दिलेल्या उत्तराने माझे कधीच समाधान झालेले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. चित्रपटाचा शेवट सांगितल्याशिवाय हे उत्तर देता येणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा या लहान गावात न्यूटन कुटुंब राहते. वडील बँकेत नोकरीला आहेत, आई एमा घर सांभाळते आणि तीन मुलांपैकी थोरलीचे नाव मामाच्या नावावरून चार्ली ठेवलेले आहे. हा मामा श्रीमंत विधवांचा गळा दाबून खून करणारा माणूस आहे आणि पोलीस मागावर असल्यामुळे तो बहिणीच्या घरी येऊन राहतो. गावाला मात्र त्याची एकच बाजू दिसते. तो बँकेत चाळीस हजार डॉलर ठेवतो, महिला मंडळ त्याला व्याख्यानाला बोलावते आणि असा भाऊ घरी आल्याने एमाची मान ताठ होते.

मुलगी घाबरली म्हणून गप्प राहिली, किंवा तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता म्हणून गप्प राहिली, हे उत्तर सोपे आहे, पण ते चित्रपटाला धरून नाही. गुप्तहेर तिच्या घरीच आलेले असतात. त्यांच्यापैकी एक जण तिला आपली ओळख सांगून मदत मागतो, म्हणजे सांगायला माणूस समोर आहे आणि तो विश्वास ठेवायलाही तयार आहे. मामाने तिला दिलेल्या पाचूच्या अंगठीवर आतून कोरलेली आद्याक्षरे वाचनालयातल्या वर्तमानपत्रात छापलेल्या एका मृत विधवेच्या नावाशी जुळतात, तेव्हा पुरावाही तिच्या बोटात असतो. तरीही ती बोलत नाही, कारण तिला वाचवायचे आहे ते आईला. मामाला अटक झालीच तर ती आईच्या डोळ्यांदेखत, या गावात होऊ नये, एवढेच तिला हवे असते.

हे नीट समजण्यासाठी चित्रपटातल्या एमाकडे पाहायला हवे, आणि बहुतेक प्रेक्षक तिच्याकडे पाहत नाहीत. पॅट्रिशिया कॉलिंजने ही भूमिका इतक्या सहजपणे केली आहे की ती स्वयंपाकघरात वावरणारी एक बोलकी बाई वाटते आणि आपली नजर जोसेफ कॉटनच्या देखण्या मामावर खिळून राहते. एमाचे आईवडील गेलेले आहेत आणि लहानपणीचे घर मागे पडले आहे. तिचे माहेर म्हणून जे काही शिल्लक आहे ते या एका भावात आहे. त्याने भेट म्हणून आणलेल्या आईवडिलांच्या जुन्या तसबिरी पाहताना तिचा चेहरा असा उजळतो की तो उजेड विझवण्याचे धाडस कोणत्याही मुलीला झाले नसते.

जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग आठवा. शहरातल्या विधवा नवऱ्याच्या कष्टाचा पैसा खातात-पितात, उधळतात आणि माजलेल्या जनावरांसारख्या जगतात, असे मामा शांत, सपाट आवाजात बोलत जातो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूकडे सरकत जातो. त्या बायकाही जिवंत माणसेच आहेत, असे चार्ली ओरडून म्हणते, तेव्हा तो चेहरा वळवून थेट कॅमेऱ्यात पाहतो आणि विचारतो की तसे खरेच आहे का. थिएटरात या क्षणी चिडीचूप होते. पण मला त्याहून भयंकर वाटते ते एमाचे उत्तर. आमच्या मंडळात बायकांविषयी असे काही बोलू नकोस हो, असे ती भावाला प्रेमाने दटावते. खुन्याने आपले मन उघडे केले आणि बहिणीने ते ऐकूनही व्याख्यानाची काळजी केली. माणसाची प्रतिष्ठा अशीच टिकते. ती एकट्या त्याच्या ढोंगावर उभी नसते, तर तिला जपायला आजूबाजूची प्रेमळ माणसे रोज हातभार लावत असतात.

मात्र चार्लीच्या मौनाला त्याग म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही, आणि हिचकॉकलाही ते मान्य नसावे. दुसराच एक संशयित पळताना विमानाच्या पंख्यात सापडून मरतो आणि तपास बंद होतो. मामा आनंदाने जिना चढू लागतो, मध्येच थांबतो आणि मागे वळून दारात उभ्या असलेल्या भाचीकडे पाहतो. आता सत्य जाणणारी ती एकटीच उरली आहे. त्यानंतर ती दोनदा मृत्यूच्या दाढेतून परत येते, एकदा मोडक्या पायरीवरून पडून आणि एकदा गाडीच्या धुराने भरलेल्या गॅरेजमध्ये कोंडली जाऊन. शेवटी ती तीच अंगठी बोटात घालून सगळ्या पाहुण्यांसमोर जिना उतरते, मामा ती पाहतो आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडत असल्याचे जाहीर करतो. आईची अब्रू वाचते. पण त्याच रेल्वेगाडीने गावातली मिसेस पॉटर ही विधवाही निघालेली असते. एका बाईला जपण्यासाठी ठेवलेल्या मौनाची किंमत दुसऱ्या बाईला मोजावी लागली असती, हे दिग्दर्शकाने कोणताही गाजावाजा न करता दाखवले आहे.

हिचकॉकने हा चित्रपट खऱ्या सांता रोझात जाऊन चित्रित केला आणि पटकथेसाठी मुद्दाम थॉर्नटन वाइल्डरसारखा अमेरिकी गावांची नस जाणणारा नाटककार निवडला. तिथली एक हकिकत हिचकॉकने पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला सांगितली होती. चित्रीकरणासाठी ठरवलेल्या घराचा मालक इतका हरखला की त्याने सगळे घर नव्याने रंगवून घेतले, आणि मग त्याला पुन्हा जुनकट दिसेल असा रंग द्यावा लागला. याच काळात, १९४२ मध्ये, हिचकॉकची आई इंग्लंडमध्ये वारली. तिचेही नाव एमा होते.

माझ्या आईने हा चित्रपट पाहिला तेव्हा तिने पोलिसांविषयी काहीच विचारले नाही. तिने विचारले, “त्या बहिणीला कळलं असेल का गं?” मला वाटते, कळत आले होते. गॅरेजच्या प्रसंगानंतर व्याख्यानाला जाताना एमा गाडीत स्वतःशीच पुटपुटते, की आधी जिना आणि आता हे, काही समजत नाही. तिचा विचार तिथपर्यंत पोहोचतो आणि पुढे जात नाही. नंतर भाऊ जाणार हे ऐकून तिचे डोळे भरून येतात आणि ती म्हणते, की लग्न झाले की आपण आपण आहोत हेच विसरून जातो, नवऱ्याची बायको तेवढी उरते. भाऊ होता तोवर ती स्वतःची कोणी तरी होती. मामा शेवटी भाचीला धावत्या रेल्वेगाडीतून ढकलू पाहतो आणि स्वतःच समोरून येणाऱ्या गाडीखाली जातो, तेव्हा सारे गाव त्याला सन्मानाने निरोप देते. चर्चमध्ये आत त्याचे गुणगान चालू असते आणि बाहेर चार्ली त्या गुप्तहेराजवळ उभी असते, कारण खरे काय ते ठाऊक असलेले दुसरे कोणी तिला नाही. ती आईला आता कधीच काही सांगणार नाही, आणि आईही तिला विचारणार नाही.