दोघींची वही

कायदेविषयक मदत केंद्रात बसते असं सांगितलं की पाचातले चार जण विचारतात, "मग तुमचं काय मत? वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा की बंद करावा?" आधी मी पटकन उत्तर द्यायचे. स्वीडनसारखा कायदा करा म्हणायचे. धंदा करणाऱ्या बाईला हात लावू नका, पैसे मोजून येणाऱ्याला धरा. स्वीडनने १९९९ मध्ये हा कायदा लागू केला. पुढे नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स, आयर्लंड त्याच वाटेने गेले. पोटासाठी दिलेल्या होकाराला होकार कसं म्हणायचं, हा त्यामागचा प्रश्न मला आजही तितकाच खरा वाटतो. या धंद्यातून बाहेर पडलेल्या बायकांनीच तो माझ्यापुढे ठेवला होता, आणि त्यांचं म्हणणं मी खोडून काढायला बसलेली नाही.

माझं उत्तर अडलं ते एका वहीपाशी.

ती वही मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. दोषारोपपत्राला तिच्या सहा पानांची झेरॉक्स जोडलेली होती. साधी एकरेघी वही, पानावर हाताने आखलेले रकाने. गाडीचा नंबर, निघायची वेळ, कुठे गेली, आणि शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. दोन बायका एक खोली भाड्याने घेऊन राहत होत्या. दोघी धंदा करायच्या. दलाल नव्हता, कोठा चालवणारी घरवाली नव्हती. एक गिऱ्हाइकाबरोबर बाहेर गेली की दुसरी वहीत लिहून ठेवायची, आणि ती परत आली की खूण करायची. दोन ठिकाणी खुणेच्या जागी नुसतं "उशीर, फोन केला" असं लिहिलं होतं, आणि त्याखाली दुसऱ्या पेनाने खूण. त्या दोन ओळींवरून माझी नजर बराच वेळ हलली नाही. मधला वेळ त्या लिहिणारीने कसा काढला असेल?

रेड पडली तेव्हा वही जप्त झाली. आरोप होता कुंटणखाना चालवल्याचा.

भारतात यासाठी १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा आहे. पोलीस आणि वकील त्याला पिटा म्हणतात. एकट्या बाईने स्वतःच्या खोलीत, सार्वजनिक जागेपासून लांब धंदा केला तर त्यात तो गुन्हा नाही. हे मी त्या दोघींतल्या एका बाईंना सांगितलं. मग व्याख्या वाचून दाखवली: दुसऱ्याच्या फायद्यासाठी, किंवा दोन वा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी जी जागा वापरली जाते, ती कुंटणखाना. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे एकटीने मार खाल्ला तर कायद्यात बसतं," त्या म्हणाल्या, "आणि दोघींनी एकमेकींना सांभाळलं तर गुन्हा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ही फक्त आपल्याकडची गोष्ट आहे असंही नाही. आयर्लंडने २०१७ मध्ये गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं, बाईला नाही, आणि त्याच कायद्यात कुंटणखान्याची शिक्षा वाढवली. २०१९ मध्ये तिथे एकत्र राहून धंदा करणाऱ्या दोन तरुणींना नऊ महिन्यांची कैद झाली. त्यातली एक गरोदर होती. मी ज्या कायद्याची इतकी वर्षं बाजू घेतली त्याच्याच छत्राखाली हे घडलं. त्या दिवशी माझ्या जुन्या उत्तरातला ठामपणा गेला.

आपण वाद घालतो तो मुख्य कलमावर. बाईच्या अंगावर येतात ती आजूबाजूची कलमं. पिटाचं कलम ४ पाहा. वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही त्याखाली शिक्षा आहे. हेतू दलालाला पकडायचा, आणि दलालाबद्दल मला काडीचीही दया नाही. पण शब्द इतके मोकळे आहेत की आईच्या पैशावर शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्यात सापडावा. वर ती व्यक्ती तिच्याबरोबर राहते एवढं सिद्ध झालं की ती दोषी असल्याचंच गृहीत धरलं जातं; नसल्याचं तिने दाखवायचं.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नेमकी अशीच तीन कलमं रद्द केली. घरात बसून काम करणं, रक्षक किंवा ड्रायव्हर ठेवणं, गाडीत बसण्याआधी गिऱ्हाइकाशी बोलून त्याला पारखणं, हे सगळं ती कलमं अडवत होती. धंदा कायदेशीर असताना जीव वाचवण्याचे उपाय बेकायदा ठेवता येणार नाहीत, असा त्या निकालाचा गाभा. पुढच्याच वर्षी संसदेने गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवणारा नवा कायदा आणला आणि वाद पुन्हा पेटला.

मग सरळ परवाने द्या, असं म्हणणारेही भेटतात. जर्मनीत २०१७ पासून नोंदणी सक्तीची आहे. पण ज्या बाईने आपल्या घरच्यांपासून हे लपवलंय, ती स्वतःचं नाव सरकारी कागदावर का चढवू देईल? नोंदणी न केलेली बाई मग पुन्हा बेकायदा. मला न्यूझीलंडचा २००३ चा कायदा जास्त जवळचा वाटतो. तिथल्या संसदेत तो एका मताच्या फरकाने, ६० विरुद्ध ५९, असा पार पडला. चार जणींपर्यंत एकत्र काम करता येतं, मालकीण कोणीच नाही, परवाना लागत नाही. गिऱ्हाइकाला कोणत्याही क्षणी नाही म्हणायचा हक्क त्यात लिहिलेला आहे. मात्र तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी बायकांना हे काम करायला तिथे मनाई आहे, म्हणजे ज्यांना मदतीची सर्वात जास्त गरज त्या अजून लपूनच आहेत. हे मला खुपतं.

त्या दोघींसाठी आम्ही एक अर्ज केला. मे २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की या बायका आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी जे उपाय करतात, उदाहरणार्थ कंडोम वापरणं, त्यांना गुन्ह्याचा पुरावा मानू नये. वही हा असाच सुरक्षिततेचा उपाय आहे, असं आम्ही अर्जात लिहिलं. बरोबरच्या खुणेचा अर्थ सांगायला एक पूर्ण परिच्छेद खर्च केला. अर्जावर अजून निर्णय नाही. वही मुद्देमालात पडून आहे.

दरम्यान घरमालकाने खोली रिकामी करून घेतली आणि दोघी वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या. परवा तारखेला त्या बाई भेटल्या तेव्हा मी विचारलं, आता कसं करता?

"नवी वही आणलीय ताई," त्या म्हणाल्या. "निघताना मीच लिहून जाते. आल्यावर खूणही मीच करते."