गाडीच्या हॉर्नचा आवाज बसला तेव्हा

खानापूर भागातला पावसाळा कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला लागलं की भर दुपारी धुकं उतरतं, आणि पुढं चोर्ला घाटाच्या वळणांवर समोरच्याला आपली गाडी दिसायच्या आधी ऐकू जावी लागते. गोव्याला याच रस्त्यानं आमचं जाणं-येणं. त्यामुळं हॉर्नचा आवाज बसला तेव्हा मी ते काम पुढं ढकललं नाही.

हॉर्न बंद नव्हता. दाबला की वाजायचा, पण दबका, घशात अडकल्यासारखा. ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं, "हॉर्न गेलाय, नवीन जोडी टाका." एका दुकानदारानं तर मल्टिटोन, म्हणजे एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा, हॉर्न काढून दाखवला. तसा हॉर्न बसवायला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या ११९ व्या नियमात बंदी आहे, आणि मला तो नकोही होता. मला एवढंच कळून घ्यायचं होतं, की हॉर्नच खराब झालाय की त्याला करंट पुरेसा पोचत नाही?

अशा वेळी बहुतेक जण आधी फ्यूज बघतात. पण फ्यूज उडाला तर हॉर्न अजिबात वाजत नाही, अर्धवट वाजायचा प्रश्नच नाही. म्हणून मी थेट बॉनेट उघडलं. ज्यांचा हॉर्न पूर्ण बंद आहे त्यांनी मात्र सुरुवात फ्यूजपासूनच करावी. नंतर फ्यूजच्या डब्यात हॉर्नच्या रिलेसारखाच (रिले म्हणजे हॉर्नचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), त्याच नंबरचा दुसरा रिले असला तर अदलाबदल करून बघावी.

माझ्या गाडीला पुढच्या जाळीमागं दोन हॉर्न आहेत, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. भाचीला आत बसवलं. "मामा, दाबू काय?" "हं, दाबून धर." मी एकेका हॉर्नवर हात ठेवला. जाड आवाजाचा हाताखाली थरथरत होता. बारीक आवाजाचा गप्प. म्हणजे दोघांचं काम एकटा करत होता, आणि तोही जीव लावून वाजत नव्हता.

मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. यात एक गोष्ट महत्त्वाची आहे, हॉर्न दाबलेला असतानाच मोजायचं. नुसता प्लग काढून मोजलं तर गंजक्या वायरवरसुद्धा बारा व्होल्ट दिसतात, कारण त्यातून करंट वाहतच नसतो. हॉर्न दाबल्यावर बॅटरीवर १२.२ आले. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर तशीच ठेवून लाल सुई वाजणाऱ्या हॉर्नच्या प्लगमागं टेकवली, तर ११.६. इथपर्यंत ठीक. मग लाल सुई हॉर्नच्या पत्र्यावर ठेवली. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं, आले २.४. म्हणजे हॉर्नला मिळत होते जेमतेम नऊ व्होल्ट. बाकीचे अर्थिंगमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेत, जिरत होते.

माझ्या गाडीत हॉर्नला एकच वायर येते, परतीची वाट पट्टी आणि बोल्टमधून बॉडीत जाते. बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढली, दहा नंबरच्या पान्यानं तो बोल्ट सोडवला. वॉशरखाली गंजाचा पापुद्रा, आणि त्यात आमच्याकडची तांबडी माती घट्ट बसलेली. पट्टी, वॉशर आणि बॉडीवरची जागा पॉलिश पेपरनं घासून पांढरा धातू दिसेपर्यंत साफ केली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. ग्रीस आवळल्यानंतरच लावायचं. पुन्हा मोजलं तर ०.१. जाड हॉर्न असा वाजला की भाचीनं दचकून हात काढला.

बारीक आवाजाचा मात्र साफसफाईनंतरही गप्पच. तो काढून फ्यूज लावलेल्या वायरनं थेट बॅटरीवर धरला. नुसता 'टक्' असा आवाज आला. म्हणजे आतली कॉइल जिवंत होती, पण थरथरून आवाज काढणारा पत्र्याचा पडदा हलत नव्हता. मागं एक सेटिंगचा स्क्रू असतो, त्यावर लाखेसारखं सील असतं. आधीच्या जागेची खूण करून तो पाव आटा फिरवला. आवाज आला, पण फाटका. हॉर्न उपडा केला तर आतून तांबडं पाणी गळलं.

त्याचं कारण सापडलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. एका गॅरेजमध्ये बंपर काढून बसवला होता, तेव्हा कुणीतरी हा हॉर्न तोंड वर करून बसवला होता. हॉर्नचं तोंड खाली किंवा खाली कललेलं हवं, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळून जातं. इथल्या पावसात वर तोंड केलेला हॉर्न टिकायचा कसा? पडदा गंजून गेला होता. तेवढा एकच बदलला, बारीक आवाजाचा, १२ व्होल्टचा, आणि तोंड खाली करून बसवला. जोडी घ्यायची गरज पडली नाही.

स्टीअरिंगला मी हात लावला नाही, आणि कुणी लावूही नये. स्टीअरिंग एका बाजूला वळवलं की हॉर्न वाजतो आणि दुसऱ्या बाजूला वळवलं की बंद पडतो, असं होत असेल तर दोष आतल्या गुंडाळीच्या पट्टीत, म्हणजे क्लॉक स्प्रिंगमध्ये असू शकतो. पण तिथंच एअरबॅग असते. ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडंच द्यावं.