आमची वाटचाल: टिपरच्या हौद्यापासून १९५१च्या शेव्हरोलेपर्यंत

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील आमचा कारखाना वडिलांनी सुरू केला, तेव्हा तेथे ट्रकचे हौदे बांधणे, वाकलेले फाळके सरळ करणे आणि तडा गेलेल्या चासीला जोड देणे एवढीच कामे होत असत. डिचोली आणि सत्तरीतील खनिज टिपरमधून सारमानसच्या जेटीवर उतरत असे, तेथून बार्जमधून मांडवीमार्गे मुरगाव बंदराकडे जात असे. पावसाळ्यात ही वाहतूक थांबली, की टिपर दुरुस्तीसाठी आमच्या दारात रांगेने उभे राहत आणि आमच्या वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत होऊन जाई. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि आमच्या दारातील रांग संपली. पुढे खाणी काही काळ चालू झाल्या, परंतु मार्च २०१८मध्ये त्या पुन्हा थांबल्या. त्यानंतर खाणीवर विसंबून राहायचे नाही, असे घरात ठरले. मात्र काय करायचे, हे ठरले नव्हते.

माझ्या मामांच्या सत्तरीतील कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, एक जुनी पिकअप वर्षानुवर्षे पत्र्याच्या छपराखाली उभी होती. एके काळी तिच्यातून सुपारी आणि नारळ डिचोलीच्या बाजारात येत. मामांनी ती भंगारात द्यायचे ठरवले, तेव्हा आईने हट्ट धरला की भंगाराच्या भावाने का होईना, ती आपणच घ्यावी. कारखान्यात काम नव्हते, माणसे रिकामी होती आणि लेथ बंद होता. मी होकार दिला तो काहीसा नाइलाजानेच. धंद्याचा विचार त्यात अजिबात नव्हता.

मामांकडे सगळे तिला ‘एकोणपन्नासची गाडी’ म्हणत. बोनेटच्या बाजूला केवळ ३१०० हा आकडा होता. ती शेव्हरोलेची अर्ध्या टनाची पिकअप आहे, हे कुणीही सांगितले असते. प्रश्न वर्षाचा होता. हाच प्रश्न माझ्या मुलीने मनावर घेतला. ती तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होती. या घडणीच्या गाड्या १९४७ ते १९५५ या काळात निघाल्या आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या सगळ्या सारख्याच वाटतात. परंतु कंपनी मधून मधून लहानसहान बदल करत गेली आणि ते बदलच गाडीचे वय सांगतात. आमच्या गाडीची समोरची काच मधोमध पट्टी देऊन दोन तुकड्यांत बसवलेली होती. १९५४पासून ती अखंड झाली, म्हणजे गाडी १९५३पर्यंतची. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये आसनाच्या मागे होती. ही पद्धत १९४९च्या गाड्यांपासून सुरू झाली. दाराला पुढच्या बाजूस छोटी फिरती काच होती, ती १९५१पासूनची. शेवटी राहिली दाराची मूठ. खाली फिरवून उघडायची मूठ १९५१पर्यंत होती आणि १९५२पासून बटण दाबून उघडायची आली. आमच्या गाडीच्या एका दाराला फिरवायची मूठ होती, दुसऱ्याला बटणाची.

घरात यावरून सरळ दोन पक्ष पडले. केवळ आकडा असलेले चिन्ह १९५३चे, त्यापूर्वी आकड्याच्या वर शेव्हरोले हे नाव असे, म्हणून गाडी १९५३चीच, असे धाकट्या भावाचे म्हणणे होते. बटणाचे दारही त्याच्या बाजूने साक्ष देत होते. मुलीचे म्हणणे असे, की दार आणि बोनेट चार बोल्ट काढले की बदलता येतात, तेव्हा त्यांच्या साक्षीला किंमत किती द्यायची? एका जाणत्या गृहस्थांनी तर स्टिअरिंग उजवीकडे आहे, त्या अर्थी गाडी मुक्तीनंतर मुंबईहूनच आली असणार, असा निर्वाळा दिला. तो मात्र आम्हा दोन्ही पक्षांना मान्य झाला नाही. पोर्तुगालने १९२८मध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली खरी, परंतु शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्याने गोव्यात ती डावीकडूनच चालत राहिली. त्यामुळे उजव्या स्टिअरिंगची गाडी १९६१पूर्वीही येथे येऊ शकत होती.

निकाल इंजिनाने दिला. तारेच्या ब्रशने आणि केरोसीनने ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाची, बाजू स्वच्छ केल्यावर ओतकामाची तारीख दिसली. जनरल मोटर्सच्या पद्धतीत पहिले अक्षर महिन्याचे असते, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. नंतर दिवस येतो आणि वर्षाचा केवळ शेवटचा आकडा. आमच्या ब्लॉकवर एल हे अक्षर होते आणि शेवटी शून्य. डिसेंबर १९५०मध्ये ओतलेला ब्लॉक १९५१च्या गाडीत बसणे अगदी जुळते. इंजिनही बदललेले असू शकते, ही भावाची शंका रास्त होती. परंतु टाकी, काच, जुने दार आणि ब्लॉक अशा चारही गोष्टी एकाच वर्षाकडे बोट दाखवत होत्या. बोनेट आणि दुसरे दार नंतरच्या कुठल्या तरी गाडीचे असल्याचे त्यानेही मान्य केले.

इंजिन २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे होते. कनेक्टिंग रॉडला आजच्यासारख्या सुट्या बेअरिंग शेल नसून वितळवलेला व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू, थेट रॉडमध्ये ओतून तो कातलेला असतो. रॉडच्या तळाशी लहान पळी असते, ती तेलाच्या कुंडीतून तेल उडवत फिरते. म्हणून तेलाची पातळी आणि त्या पळ्यांची जागा यांत ढिलाई चालत नाही. व्हाइट मेटल ओतणारे कारागीर आता फार उरलेले नाहीत. आम्हाला ते बेळगावच्या उद्यमबागेत भेटले, आणि चोर्ला घाटाच्या त्या फेऱ्यांत भाऊ त्यांच्याकडून जे शिकला, ते आज आमच्या कारखान्याचे भांडवल आहे.

विजेचे काम मुलीने केले. मूळ गाडी सहा व्होल्टची. मधल्या काळात कुणीतरी बारा व्होल्टची बॅटरी बसवून सगळ्या वायरी बारीक घातल्या होत्या. व्होल्टेज निम्मे असले, की तेवढ्याच कामासाठी करंट दुप्पट लागतो. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीत जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग नसेल, तर सेल्फ कण्हतो आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. आम्ही मूळ व्होल्टेजवर परत गेलो. इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मात्र नव्या प्रकारच्या घातल्या, कारण आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला खाऊन टाकते.

पत्र्याबद्दल काय सांगावे? गोव्याच्या पावसात केबिनचे खालचे कोपरे आणि पायफळ्या उरत नाहीत, त्या आम्ही नव्याने ठोकून बनवल्या. हे तर आमचे जुनेच काम. हौद्याच्या फळ्या किंदळाच्या लाकडाच्या घातल्या आणि सांध्यांवर पूर्वीसारख्या पोलादी पट्ट्या बसवल्या. डॅशबोर्डमागे निळ्या आणि पिवळ्या थरांखाली गडद हिरवा रंग सापडला. तो त्या काळच्या शेव्हरोले पिकअपचा नेहमीचा रंग, म्हणून तोच लावला.

दुसरे दार आणि बोनेट आम्ही बदलले नाहीत. यावर मला आजही टीका ऐकावी लागते. माझे मत असे, की गाडी ज्या अवस्थेत जगली, त्याची नोंद पुसून तिला कारखान्यातून आज निघाल्यासारखी दाखवणे ही एक प्रकारची खोटी साक्ष आहे. त्याऐवजी पत्नीने, जी आमचे हिशेब पाहते, एक फाइल तयार केली: कोणता भाग मूळचा, कोणता दुसऱ्या गाडीचा, कोणता आम्ही घडवलेला, आणि प्रत्येकाचा फोटो. ही पिकअप पाहायला आलेल्यांनी गाडीपेक्षा ती फाइलच जास्त वेळ चाळली, आणि त्यांच्यातीलच एकाने आपली जुनी जीप आमच्याकडे सोपवली. तेथून जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचा हा धंदा सुरू झाला.

२०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आणली. अशी गाडी व्यापारी कामासाठी चालवता येत नाही, हे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. रिसॉर्टच्या पाहुण्यांची ने-आण करायचा बेत घेऊन येणारे बरेच असतात. ‘मूळ स्वरूप’ या शब्दांमुळे फाइलला आता अधिक वजन आले आहे.

आज आम्ही कामाचे दरपत्रक दोन भागांत देतो. पहिला भाग केवळ ओळख पटवण्याचा असतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतो. गाडी खोलायच्या आधी नुसते बघण्याचे पैसे कसले, असे पूर्वी लोक विचारत. आता काही ग्राहक त्या टप्प्यावरच थांबतात, कारण त्यांना हवी असलेली गाडी ही नव्हे, हे फाइल वाचून त्यांच्या लक्षात येते. काही जण ती फाइल घेऊन स्वस्तातल्या दुसऱ्या कारखान्यात जातात. त्याला आमची हरकत नसते. फाइलचे पैसे त्यांनी दिलेले असतात.