एअर रायफल घेताय? आधी माप, मग छर्रा

परदेशातल्या डोंगरी शिकारीचे व्हिडिओ पाहून घोडबंदरपासून पनवेलपर्यंत एक प्रश्न हमखास येतो: येऊरला न्यायला कुठली रायफल बरी? कुठलीच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा, मग ती छर्‍याची का असेना. त्यामुळे पुढचं सगळं 10 मीटरच्या रेंजवर नेम धरणार्‍यांसाठी.

दुसरा प्रश्न ‘पॉवर किती?’ 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिमी बोअर (नळीचं भोक) आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटरने सोडते, म्हणजे जेमतेम पावणेआठ ज्यूल. कागद फाडायला तेवढे पुरे. जास्त वेगाने गुण वाढत नाहीत, धक्का तेवढा वाढतो. स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसला कांस्य मिळवलं ती 50 मीटरची .22 ची, काडतुसाची रायफल, तिला परवाना लागतो. पोराला थेट तीच हवी असेल तर त्याला आधी दहा मीटरवर उभं करा.

स्प्रिंगची ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) रायफल स्वस्त पडते, पण तिचा जड पिस्टन आधी मागे आणि मग पुढे असा झटका देतो, तोही छर्रा अजून नळीत असताना. ती घट्ट आवळून धरली की गोळ्या विखुरतात. फोरएंड, म्हणजे नळीखालचा पुढचा भाग, तळहातावर नुसता टेकवायचा. आणि ती रिकामी कधीच सोडू नका. छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो पुढे जाऊन आपटतो. सील जातं, कधी स्प्रिंगही. सिलिंडरवाल्या पीसीपीत, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणार्‍या रायफलीत, हा झटका जवळपास नसतो. बहुतेक मॅच मॉडेलांना ड्राय फायरची (छर्रा न घालता ट्रिगर ओढण्याची) सोय असते, म्हणजे फ्लॅटमध्ये भिंतीवर काळा ठिपका लावूनही सराव होतो. ठाण्यातल्या टू बीएचकेत मोकळे दहा मीटर सापडणार कुठे, म्हणून ही सोय लाखमोलाची.

दुकानात मात्र ब्रँडवर वेळ घालवू नका. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, स्टायर, सगळ्याच खेळाडूपेक्षा अचूक असतात. वेळ घालवायचा तो मापावर. कोपर काटकोनात वाकवून बट (मागचं टोक) कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर सहज ट्रिगरवर यायला हवं. पोचत नसेल तर बटप्लेट (बटवरची सरकती पट्टी) आत घ्या. मग उभं राहून डोळे मिटा, गाल चीकपीसवर (गाल टेकायच्या भागावर) सोडा आणि डोळे उघडा. मागच्या पीपच्या (डोळ्याजवळच्या बारीक भोकाच्या) मधोमध नळीच्या टोकाचं पुढचं कडं दिसलं तर उंची बरोबर. मान ताणावी लागली तर चीकपीस हलवा, मान नाही. स्पर्धेत 5.5 किलोपर्यंत वजन चालतं, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती तेवढी रायफल दिली की तो कंबर मागे मोडून तोल सांभाळतो. ती सवय पुढे सुटता सुटत नाही. पुढचं कडं फार बारीक घेतलं की लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवतीची पांढरी फट नाहीशी होते आणि मूल नेम धरत बसतं, सोडतच नाही. शंका असेल तर मोठं कडं घ्या.

आता छर्रा. चपट्या तोंडाचाच घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो. डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असतो: 4.49, 4.50, 4.51. यातला कुठला चांगला हे तुमची नळी ठरवते, दुकानदार नाही. रायफल शिकंज्यात बसवा, प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे एकाच नेमावर सोडा आणि भोकांचा घोळका बाहेरच्या कडांपासून मोजा. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका 0.5 मिमीचा आणि छर्रा 4.5 चा, म्हणून 9.5 मिमीच्या आत सगळे बसले तर कागदावर दहाच दहा. पण दशांशात गुण मोजले जातात तिथे दर पाव मिलिमीटरला 0.1 जातो, तेव्हा सात मिमीच्या आसपास येईपर्यंत मापं बदलत राहा. जमलं की त्याच लॉट नंबरचे डबे एकदम उचला. पुढचा लॉट वेगळा निघू शकतो.

पीसीपीचा सिलिंडर 200 बार दाबाला भरतात. घाईने भरला तर हवा तापते, थंड झाल्यावर काटा खाली येतो, आणि लोक गळती समजून दुकानात धावतात. ओ-रिंगला (हवा अडवणार्‍या रबरी कड्याला) फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. तेल दाबाखाली पेटू शकतं. सिलिंडरवरचं उत्पादन वर्षही पाहा, सेकंडहँडमध्ये नेमकी तिथेच फसवणूक होते: बहुतेकांचं आयुष्य दहा वर्षांचं, मुदत संपलेला स्पर्धेत चालत नाही.

पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा स्टीलला आठवड्यात गंज आणते. फोमच्या केसमध्ये ओली रायफल बंद करू नका, आधी पुसून वाळवा, सिलिका जेलची पुडी टाका. छर्‍यांवर पांढरी भुकटी दिसली तर ते सरावालाही वापरू नका. ती शिशाची असते, तेव्हा हाताळल्यावर वडापावला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.